मोडलेल्या खुब्याची कळ

कामगार चळवळीतला माणूस या व्यासपीठावर आला म्हणजे बोनस, महागाईभत्ता किंवा कंत्राटी पद्धत यांपैकी काहीतरी निघणार, अशी श्रोत्यांची समजूत असते आणि ती बहुधा खरी ठरते. यंदा मात्र आम्ही विषय निवडला आहे तो मोडलेल्या खुब्याचा. वैद्यकाचा आम्हांला अधिकार नाही. आमची शाळा नववीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयात, शब्दकोश शेजारी उघडा ठेवून. परंतु गेली पंचवीस वर्षे इस्पितळांतील वॉर्डबॉय, आया आणि सफाई कामगार यांच्या संघटनेचे काम आम्ही करीत आहोत. रुग्ण ज्यांना मामा आणि मावशी म्हणून हाक मारतात, तीच ही माणसे. रुग्णाला प्रत्यक्ष हातांनी उचलतात ती हीच, आणि कोणाला किती दुखते आहे हे त्यांच्या हातांना आधी कळते. एक मामा आम्हांला म्हणाले होते, "अण्णा, हात मोडलेला येतो, डोके फुटलेला येतो, त्याचे काही वाटत नाही. पण खुबा मोडलेली म्हातारी स्ट्रेचरवरून एक्स-रेच्या टेबलावर घ्यायची, तर 'एक, दोन, तीन' म्हणताना आम्हीच डोळे मिटून घेतो."

ती कळ बऱ्याच अंशी थांबविता येते. ऑपरेशन होऊन गेल्यावर नव्हे, तर त्याआधीच, रुग्ण इस्पितळात पोहोचल्यावर थोड्याच वेळात. जांघेत एक इंजेक्शन देऊन खुब्याकडून मेंदूकडे जाणारा वेदनेचा निरोप वाटेतच अडवावयाचा, अशी ही युक्ती आहे. डॉक्टर तिला 'नर्व्ह ब्लॉक' म्हणतात. आपण 'नस बधिर करणे' म्हणू. मात्र येथे नस म्हणजे रक्ताची शीर नव्हे. संवेदना वाहून नेणारा मज्जातंतू, हे आधीच सांगून ठेवतो.

या विषयाकडे आम्ही कसे वळलो हे सांगणे भाग आहे. अकरा वर्षांपूर्वी आमची आई रात्री मोरीच्या उंबऱ्याला अडखळून पडली. वय अठ्ठ्याहत्तर. ज्या इस्पितळात नेले तेथे ऑपरेशनचा नंबर पाचव्या दिवशी लागला. तोवर पायाला पट्टी बांधून पलंगाच्या टोकाशी वजन टांगून ठेवले होते. सकाळी राउंडला डॉक्टर येत, "आजी, दुखतंय का?" विचारीत. आई म्हणे, "न्हाई बाबा, बरं हाय." ते पुढच्या पलंगाकडे जात. दुसऱ्या दिवशी आमच्या ध्यानात आले की आई पाणी पीत नाही. का, म्हणून विचारले तेव्हा हळूच म्हणाली, "पाणी प्यालं की भांडं घ्यावं लागतं रं." भांडे सरकविताना कंबर चार बोटे उचलावी लागते; ती चार बोटे टाळण्यासाठी तिने तहान सोसली होती. तिसऱ्या रात्री तिला वात झाला. मेलेल्या माणसांना हाका मारू लागली, मोडक्या पायावर उठू पाहू लागली. पुढे ऑपरेशन झाले, ती घरी आली, काठी धरून वर्षभर हिंडलीही. पण ते पाच दिवस आम्ही विसरलो नाही. आयुष्यभर मागण्या मांडण्याचे काम केलेले आम्ही, त्या पलंगाशेजारी काही मागावयाचे असते हेच आम्हांला ठाऊक नव्हते.

आता मूळ विषयाकडे वळू. खुबा हा उखळीचा सांधा आहे. कंबरेच्या हाडात एक खोल वाटी असते आणि मांडीच्या हाडाचा वरचा गोळा तीत बसतो. गोळ्याखाली हाडाची निमुळती मान आहे. म्हातारपणी हाडे आतून विरळ होतात, ठिसूळ होतात. पाळी गेल्यानंतर स्त्रियांची अधिकच. मग मोठा अपघात लागत नाही. ओल्या फरशीवर पाय घसरला, एवढे पुरते. हाड बहुधा मानेत किंवा तिच्या लगेच खाली मोडते. पाय आखूड दिसू लागतो, पाऊल बाहेरच्या अंगाला कलंडते आणि माणसाला उभे राहता येत नाही. अशा वेळी तेल लावून मालीश करणे किंवा हाडवैद्याकडून ओढून घेणे यासारखी घातक गोष्ट दुसरी नाही.

दुखते कोठे? हाडावर एक पातळ आवरण असते आणि सांध्याभोवती एक चिवट पिशवी असते. वेदनेच्या तंतूंची टोके या दोहोंत दाट पसरलेली आहेत. शिवाय शरीरातले अत्यंत बलवान स्नायू खुब्याभोवती आहेत. हाड मोडले की ते आवळले जातात आणि मोडलेली टोके एकमेकांवर ओढतात. रुग्ण निश्चल पडला असेल तर वेदना कशीबशी सोसवते. हलविले की सोसवत नाही. आणि हलविणे तर चुकत नाही. घरातून गाडीत, गाडीतून स्ट्रेचरवर, स्ट्रेचरवरून एक्स-रेच्या टेबलावर, तेथून पलंगावर, दिवसातून चारपाच वेळा भांड्यावर, चादर बदलताना कुशीवर, शेवटी ऑपरेशनच्या टेबलावर. आणि तेथेही कण्यात भूल देण्यासाठी पुन्हा बसवावयाचे किंवा कुशीवर वळवून पाठ वाकवावयाची. ऑपरेशनच्या वेळची भूल सर्वांनाच मिळते. प्रश्न आहे तो त्याआधीच्या या सगळ्या हलविण्यांचा.

खुब्यातून निघणारा निरोप मेंदूपर्यंत जातो कसा? कंबरेच्या मणक्यांतून निघून मज्जातंतू पायात उतरतात. त्यांतला एक मोठा तंतू, फीमोरल नावाचा, जांघेतून, रक्ताच्या मोठ्या धमनीच्या अगदी बाहेरच्या बाजूने मांडीत शिरतो. दुसरा, ऑब्ट्युरेटर, आतल्या अंगाने जातो. खुब्याच्या पिशवीच्या पुढच्या भागाला मुख्यतः या दोघांच्या शाखा मिळतात. मागच्या भागाचे तंतू वेगळ्या वाटेने जातात. पण वेदनेची टोके पुढच्या भागातच अधिक असल्यामुळे पुढची वाट अडविली तरी पुष्कळ काम भागते. पुष्कळ म्हणजे सगळे नव्हे, हेही लक्षात ठेवावे.

मज्जातंतू तांब्याच्या तारेसारखा आहे असे शाळेत सांगतात. पण ती उपमा पुरी पडत नाही. आम्हांला पटली ती बांधकामावरच्या रांगेची. मजूर ओळीने उभे राहून घमेले हातोहात पुढे देतात, तसा निरोप तंतूवरून जातो. तंतूच्या आवरणात सूक्ष्म दारे असतात. निरोप आला की दार उघडते, बाहेरचा सोडियम आत घुसतो, त्या धक्क्याने पुढचे दार उघडते. असे करीत निरोप मेंदूपर्यंत पोहोचतो. बधिर करणारे औषध तंतूत शिरून ही दारे आतल्या बाजूने अडवून धरते. सोडियम आत येऊ शकत नाही, घमेले पुढे सरकत नाही. रांगेतला एकच माणूस हात बांधून उभा राहिला तर शेजारचे त्याच्यावरून घमेले देतील. मोठ्या तंतूतही निरोप एका ठिकाणावरून उडी घेऊ शकतो. सलग दोनतीन ठिकाणे अडली तरच काम खरोखर थांबते. एकट्यादुकट्याने संप होत नाही, हा धडा निसर्गाने आमच्याही आधी गिरविलेला दिसतो! औषधाचा अंमल ओसरला की दारे पुन्हा मोकळी होतात आणि तंतू पूर्ववत काम करू लागतो.

हे औषध कोठून आले याची कथा थोडक्यात सांगतो. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात लोक कोकाची पाने पूर्वापार चघळीत आले आहेत. त्या पानांतून काढलेले कोकेन डोळ्यात घातले तर डोळा बधिर होतो, हे व्हिएन्नातील कार्ल कोलर या तरुण डॉक्टराने १८८४ साली दाखविले. त्याच वर्षी सप्टेंबरात हायडेलबर्ग येथे नेत्रवैद्यांची सभा भरली. पण तेथे जाण्यापुरते पैसे कोलरजवळ नव्हते, म्हणून त्याचा निबंध दुसऱ्याने वाचून दाखविला. लगोलग न्यूयॉर्कमध्ये हॉलस्टेड या शस्त्रवैद्याने कोकेन थेट मज्जातंतूपाशी टोचून पाहिले, आणि नस बधिर करण्याची विद्या तेथे सुरू झाली. प्रयोग स्वतःवर करता करता हॉलस्टेड कोकेनच्या व्यसनात सापडला, ही त्या विद्येची पहिली किंमत. पुढे जर्मनीत नोव्होकेन निघाले. १९४३ साली स्वीडनमध्ये लॉफग्रेन याने लिडोकेन बनविले. आपल्याकडे दाताच्या दवाखान्यात टोचतात ते लिग्नोकेन हेच. १९५७ साली स्वीडनमध्येच बुपिव्हाकेन तयार झाले. लिग्नोकेनचा अंमल एकदोन तासांचा, तर मोठ्या नसेपाशी दिलेल्या बुपिव्हाकेनचा अर्धा दिवस किंवा त्याहूनही अधिक टिकू शकतो. या नव्या औषधांचे व्यसन लागत नाही.

औषध तयार झाले, तरी ते नेमके कोठे सोडावयाचे हा प्रश्न उरला. १९७३ साली अमेरिकेत विनी या भूलतज्ज्ञाने जांघेत एकाच जागी औषध देऊन मांडीच्या तिन्ही नसा बधिर करण्याची रीत मांडली. १९८९ साली फ्रान्समध्ये डॅलेन्स याने लहान मुलांसाठी दुसरी रीत काढली. कंबरेच्या हाडाच्या आतल्या अंगाला एक स्नायू आहे, त्यावर पातळ पडदा आहे, आणि नसा त्या पडद्याखालून जातात. डॅलेन्सची रीत अशी की नसेच्या जवळ सुई नेऊच नये. बऱ्याच अंतरावर पडद्याखाली औषध भरपूर सोडावे आणि ते पसरत पसरत नसांपर्यंत जाऊ द्यावे. वाफ्याच्या तोंडाशी पाणी सोडले की प्रत्येक रोपाशी कळशी न्यावी लागत नाही, तसेच हे. मोठ्या माणसाला त्यासाठी सामान्यतः ३० ते ४० मिलिलिटर पातळ केलेले औषध लागते. सुई मोठ्या धमनीपासून आणि नसेपासून दूर राहत असल्यामुळे ही रीत त्यातल्या त्यात निर्धोक ठरली, आणि इंग्लंडात तर खास शिकवून तयार केलेल्या परिचारिकाही ती करतात. २०१८ साली कॅनडातील टोरांटो येथून तिसरी रीत पुढे आली. तीत खुब्याच्या पुढच्या पिशवीकडे जाणाऱ्या बारीक शाखाच गाठतात, त्यामुळे मांडीचे बळ पुष्कळसे शाबूत राहते.

पूर्वी हे काम हाताच्या अंदाजाने होई. बोथट सुई एकामागून एक दोन पडदे ओलांडताना बोटांना दोनदा 'टप' असे जाणवते, त्यावर भिस्त. आता सोनोग्राफीच्या पडद्यावर सुई, नस आणि पसरणारे औषध प्रत्यक्ष दिसते, त्यामुळे नेम अधिक खात्रीचा झाला आहे. आपल्या देशात यात एक अडचण आहे. गर्भलिंगनिदानाला आळा घालणाऱ्या १९९४ च्या कायद्याखाली सोनोग्राफीच्या प्रत्येक यंत्राची नोंद करावी लागते आणि यंत्र मन मानेल तेथे हलविता येत नाही. कायदा योग्यच आहे. मुलींच्या जिवासाठी तो झाला. पण भूलतज्ज्ञाला यंत्र वापरावयाचे तर इस्पितळाने त्याची रीतसर नोंदणी आधीच करून ठेवली पाहिजे. जेथे हे झालेले नाही तेथे जुन्या हाताच्या रीतीनेही इंजेक्शन देता येते. यंत्र नाही म्हणून उपायच नाही, असे नाही.

याचा उपयोग खरोखर होतो काय? कोपनहेगनमधील डॉक्टरांनी २००७ साली ४८ रुग्णांवर केलेली परीक्षा आम्हांला फार आवडली. प्रत्येक रुग्णाला दोन इंजेक्शने दिली, एक जांघेत आणि एक स्नायूत. निम्म्यांना जांघेत खरे औषध आणि स्नायूत मिठाचे पाणी. उरलेल्यांना जांघेत मिठाचे पाणी आणि स्नायूत मॉर्फिन. कोणाला काय दिले हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि वेदना मोजणाऱ्यालाही नाही. जांघेत औषध मिळालेल्यांची वेदना अधिक कमी झाली, पडून असतानाही आणि पाय हलवितानाही. पुढे २०२० साली कॉक्रेन या संस्थेने जगभरच्या ४९ परीक्षा आणि त्यांतील तीन हजारांवर रुग्ण एकत्र घेऊन हिशेब मांडला. वेदनेला शून्य ते दहा असे गुण द्यावयाचे म्हटले, तर इंजेक्शननंतर अर्ध्या तासात हलवितानाची वेदना सरासरी अडीच गुणांनी उतरली. वात होण्याचे प्रमाण घटले, छातीत कफ भरून होणारा आजार बहुधा कमी झाला, आणि ऑपरेशननंतर रुग्ण सुमारे ११ तास लवकर उठून बसू, चालू लागले. मृत्यूंच्या संख्येत मात्र फरक दिसला नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण नसलेला गुण चिकटविला की असलेल्या गुणावरचाही विश्वास उडतो.

कोणी विचारील, दुखण्याच्या गोळ्या काय कमी आहेत? पॅरासिटामॉल तर द्यावेच, आणि वेळच्या वेळी द्यावे. पण एकट्याने ते पुरे पडत नाही. सांधेदुखीच्या नेहमीच्या गोळ्या म्हाताऱ्या माणसाच्या मूत्रपिंडाला आणि जठराला अपाय करतात, म्हणून अशा वेळी त्या टाळाव्यात असा सल्ला आहे. उरले मॉर्फिन. ते प्रभावी आहे. परंतु म्हातारपणी त्याने गुंगी येते, ओकारी होते, मलावरोध होतो, श्वास मंदावतो. शिवाय आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने मॉर्फिन ठेवणे इतके किचकट झाले की अनेक लहान इस्पितळांनी ते ठेवणेच सोडून दिले. २०१४ साली कायदा सैल केला, तरी सवय सहज बदलत नाही. नस बधिर करणारी औषधे त्या कायद्यात येत नाहीत, आणि लिग्नोकेन व बुपिव्हाकेन ही दोन्ही सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत.

मॉर्फिनच्या धाकाने वेदनाच अंगावर काढावी, हेही बरोबर नाही. न्यूयॉर्कमधील चार इस्पितळांत खुबा मोडलेल्या ५४१ रुग्णांची पाहणी झाली होती, ती २००३ साली प्रसिद्ध झाली. ज्यांना अगदी थोडे औषध दिले होते, त्यांनाच वात अधिक झाला. आणि ज्यांची शुद्ध मूळची चांगली होती, त्यांत तीव्र वेदना सोसणाऱ्यांना तो नऊपट झाला. म्हणजे वेदना हेच वाताचे एक कारण. हे वाचले त्या दिवशी आम्हांला आईची तिसरी रात्र आठवली.

याच मंडळींची त्याआधीची, २००० सालची एक पाहणी आम्हांला याहूनही बोचली. खुबा मोडलेल्यांपैकी ज्यांची स्मृती पार गेली आहे अशा रुग्णांना, शुद्धीवरच्या रुग्णांना मिळाले त्याच्या एकतृतीयांशच वेदनाशामक औषध मिळाले होते. हाड तेच, ऑपरेशन तेच. फरक एवढाच की त्यांना सांगता येत नव्हते. कारखान्यात आम्ही हेच पाहत आलो आहोत. जो आवाज काढतो त्याचा अर्ज वर येतो. मुक्याचा अर्ज तळाशी राहतो. आपल्याकडे तर ज्यांना बोलता येते त्याही बोलत नाहीत. सोसणे हा बाईचा गुण, असे ज्यांना लहानपणापासून शिकविले, त्या म्हाताऱ्या "बरं हाय" म्हणतात आणि पाणी सोडून देतात. म्हणून "दुखतंय का?" हा प्रश्न पुरा नाही. पाय जरा हलवून पाहावे, चेहऱ्याकडे पाहावे, मुठी आवळल्या आहेत का, पाणी पिते का, हे पाहावे. इंग्लंडातील 'नाइस' या सरकारी संस्थेने २०११ साली नियमच घातला, की रुग्ण दाराशी येताच वेदना मोजावी, औषध दिल्यावर अर्ध्या तासात पुन्हा मोजावी आणि वॉर्डात स्थिरस्थावर होईपर्यंत दर तासाला मोजत राहावे. गोळ्या आणि मॉर्फिन यांनी भागत नसेल तर, किंवा मॉर्फिन कमी लागावे म्हणून, नस बधिर करण्याचा विचार करावा, आणि ते शिकलेल्या माणसानेच करावे, असेही तिने सांगितले.

आता धोके. ते लपवून आम्ही कोणाचे भले करणार नाही. सुई शिरेत गेली किंवा मात्रा जास्त झाली, तर औषध रक्तातून मेंदूला आणि हृदयाला बाधते. तोंडाभोवती मुंग्या येतात, जिभेला धातूची चव लागते, कानात गुणगुणते. पुढे झटके येतात आणि हृदयाची लय बिघडते. मात्रा वजनावर ठरते. बुपिव्हाकेनची मर्यादा दर किलोला साधारण दोन मिलिग्रॅम धरली, तर चाळीस किलोच्या म्हातारीला ऐंशी मिलिग्रॅम, म्हणजे पाव टक्क्याच्या द्रावाचे बत्तीस मिलिलिटर. आणि अर्ध्या टक्क्याचा द्राव भरला तर अवघे सोळा. आपल्या म्हाताऱ्या काटक्यांसारख्या असतात. त्यांचे वजन अंदाजाने लिहिणे किती महागात पडेल हे यावरून दिसेल. विषबाधा झालीच तर शिरेतून देण्याचा दुधासारखा पांढरा स्निग्ध द्राव मिळतो. जेथे ही इंजेक्शने देतात तेथे तो हाताशी असलाच पाहिजे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगावे. जांघेत जखम किंवा पू असेल तर तेथे सुई घालीत नाहीत. नसेला कायमची इजा क्वचित होते. भलत्याच पायाला इंजेक्शन देण्याची चूक मोठमोठ्या इस्पितळांत झालेली आहे. म्हणून सुई टोचण्यापूर्वी क्षणभर थांबून बाजू पुन्हा तपासावी, अशी मोहीम इंग्लंडात काढावी लागली. शेवटचे असे, की अंमल असेतोवर मांडीत बळ नसते. दुखत नाही म्हणून रुग्ण उठू पाहील आणि पुन्हा पडेल. शेजारी माणूस हवे.

आणखी एक धोका औषधाचा नव्हे, माणसांचा आहे. वेदना थांबली की घाई संपते. "आता आजी शांत आहेत, ऑपरेशन सोमवारी पाहू," असे म्हणणे सोपे होते. हे चालू देता कामा नये. प्रकृतीची मोठी अडचण नसेल तर ऑपरेशन दाखल झाल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हावे, हा नाइसचाच नियम. आणि नस बधिर करणे हा लवकर ऑपरेशन करण्याला पर्याय नव्हे, हेही तिने स्पष्ट लिहून ठेवले आहे. पडून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाची छाती भरते, पाठीला जखमा होतात, रक्ताच्या गुठळ्या होतात. इंजेक्शन वाट पाहणे सुसह्य करते, वाट पाहण्याचे समर्थन करीत नाही. आमच्या आईच्या पायाला टांगलेल्या वजनाविषयीही पुढे वाचले. ऑपरेशनपूर्वी असे वजन लावल्याने वेदना कमी होते, असे परीक्षांतून दिसून आलेले नाही.

मग हे सर्वत्र का होत नाही? औषध महाग नाही. सुई साधी आहे. आमच्या पाहण्यात अडते ते दोन ठिकाणी. एक, भूलतज्ज्ञ ऑपरेशनच्या खोलीत असतो आणि रुग्ण अपघात विभागात. दोघांची गाठ पडते ती थेट ऑपरेशनच्या दिवशी. ज्या इस्पितळाने भूलतज्ज्ञाला आधीच खाली बोलाविण्याची पद्धत घातली, किंवा अपघात विभागातल्या तरुण डॉक्टरांना ही रीत शिकविली, तेथे काम होते. दुसरे, कोणी मागत नाही. रजेचा पगार, बोनस, साबण आणि हातमोजे या गोष्टी कामगारांना मागितल्याशिवाय मिळाल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही. वेदनेचा उपायही त्याला अपवाद नसावा.

गेल्या वर्षी आमच्या संघटनेतील एक निवृत्त मावशी घरात पडल्या. तीस वर्षे ज्यांनी दुसऱ्यांना भांडी दिली त्यांच्यावर ती वेळ आली. नेले त्या इस्पितळात एका तरुण भूलतज्ज्ञ बाईंना त्यांच्या मुलाने विचारले, "डॉक्टर, ऑपरेशनच्या आधी नस बधिर करता येईल का?" बाईंनी वजन विचारले, गोळ्या विचारल्या, पायावर खूण केली आणि सोनोग्राफीचे यंत्र लावून इंजेक्शन दिले. अर्ध्या तासाने मामा लोक एक्स-रेसाठी न्यावयास आले. "एक, दोन, तीन" झाले, आणि कोणाला डोळे मिटावे लागले नाहीत. टेबलावर पडल्यापडल्या मावशी म्हणाल्या, "अरे, घोटभर चहा मिळेल का?" ऑपरेशन व्हावयाचे असल्यामुळे चहा मिळाला नाही, ही गोष्ट वेगळी.

श्रोत्यांपैकी बहुतेकांच्या घरी कोणी वडीलधारे असेल. पडू नये म्हणून मोरीत धरावयास दांडी बसवा, रात्री दिवा ठेवा. तरीही पडलेच, तर मालीश करू नका, वाट पाहू नका. इस्पितळात गेल्यावर नम्रपणे पण स्पष्ट विचारा: वेदना कोण मोजणार आहे? नस बधिर करता येईल का? ते करणारा शिकलेला माणूस येथे आहे का? आणि ऑपरेशन आज की उद्या? डॉक्टर काही कारणाने नाही म्हणतील, तर ते कारण समजावून घ्या. ते योग्यही असेल. आणि आजी "बरं हाय" म्हणाली, तर पेल्यात पाणी घेऊन पुढे करा. ती पिते की नाही ते पाहा.